काच कुणी फोडली?

प्रश्न : माझं वय ५५. गेल्या महिन्यात कॉलेजचे आम्ही सातजण बऱ्याच वर्षांनी एकत्र जमलो. रात्री दोनपर्यंत गप्पा. खोलीचा नंबर, मेसच्या आमटीची चव, वॉर्डनची चप्पल वाजायची ती पद्धत, सगळं जसंच्या तसं आठवत होतं. घरी आलो तर बायकोने विचारलं, "मागच्या दिवाळीच्या पाडव्याला आपण कुणाकडे जेवायला होतो?" काही केल्या आठवेना. चार वर्षं एवढी लख्ख आणि नंतरची तीस-बत्तीस पुसट, असं का होतं? आणि दुसरं, एकाच प्रसंगाच्या आमच्यात चार आवृत्त्या निघाल्या, प्रत्येकजण शपथेवर सांगत होता. खरं कुणाचं धरायचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पाडव्याचं आधी मिटवा. बायकोला विचारा, ऐका आणि "हो, बरोबर" म्हणा. एवढ्याशा विसराळूपणाला डॉक्टर लागत नाही. तुमच्या डोक्याने जे केलं ते जवळपास सगळ्यांचंच डोकं करतं, आणि त्यावर माणसं शंभर-दीडशे वर्षं विचार करत आली आहेत.

इंग्लंडमधल्या फ्रान्सिस गाल्टन या खटपट्या गृहस्थाने १८७९ साली स्वतःवरच प्रयोग केला. शब्दांची यादी करायची, एकेक शब्द समोर धरायचा, त्यावरून मनात काय उगवतं ते टिपायचं आणि ते आयुष्याच्या कुठल्या काळातलं आहे हे बघायचं. वयाची पन्नाशी पार केलेल्या त्या माणसाच्या मनात आलेला बराच मोठा भाग बालपण आणि तरुणपणाचा निघाला. पुढे १९८६ साली रुबिन, वेट्झलर आणि नेब्स या तिघांनी अशा बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र मांडली. उतारवयातल्या माणसांच्या आठवणी वयाप्रमाणे आलेखावर ठेवल्या, तर अगदी ताज्या आठवणींचा ढीग एका टोकाला दिसतो, मग आलेख खाली जातो आणि साधारण दहा ते तीस या वयात पुन्हा उंचवटा येतो. मानसशास्त्रात हा उंचवटा प्रसिद्ध आहे. तुमची खोली, तुमची आमटी आणि तुमचे वॉर्डन त्या टेकाडावर बसलेले आहेत. नंतरचे बहुतेक पाडवे पायथ्याच्या सपाटीवर.

टेकाड का तयार होतं, यावर एकमत नाही. मला सगळ्यांत पटणारं कारण अगदी घरगुती आहे. त्या वयात जवळजवळ प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा घडते. घराबाहेर पहिल्यांदा राहणं, स्वतःचे कपडे पहिल्यांदा धुणं (आणि पांढऱ्या बनियनला लाल रंग लागणं), पहिली केटी (म्हणजे राहिलेला विषय), पहिल्यांदा रात्रभर जागणं आणि सकाळी सहाला टपरीवर पहिल्या घाण्यातले पोहे. हजाराव्यांदा घडणारी गोष्ट नऊशे नव्याण्णवाव्या वेळेवर जाऊन बसते, दोन्ही वेगळ्या राहत नाहीत. तुमचे बत्तीस पाडवे एकमेकांवर ठेवलेल्या ताटांसारखे आहेत. वरचं तेवढं दिसतं, आणि तुमच्या बाबतीत तेही दिसेना.

याला एक चांगला पुरावा आहे. रॉबर्ट श्राउफ आणि डेव्हिड रुबिन यांनी १९९८ साली स्पॅनिश बोलणाऱ्या, मोठेपणी अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्या वृद्धांच्या आठवणी तपासल्या. जे तिशी उलटून गेल्यावर आले होते, त्यांचं आठवणींचं टेकाड पुढे सरकलेलं होतं, स्थलांतराच्या काळाकडे. म्हणजे नुसत्या विशीची जादू नाही. सगळं नवं असण्याची आहे. पस्तिशीत बायकापोरांसह न्यू जर्सीला गेलेला एखादा मराठी माणूस तिथला पहिला हिवाळा, पहिली गाडी, इंडियन ग्रोसरीत सापडलेलं मेतकूट हे सगळं कॉलेजच्या आठवणींइतकंच रंगवून सांगतो, ते यामुळे. ऐकणारा कंटाळतो, तो भाग वेगळा.

दुसरं कारण वेळ. त्या आठवणी ज्यांच्यासोबतच्या आहेत, ते मित्र वेळेनेच झालेले असतात. आपल्याला वाटतं, मैत्री स्वभाव जुळले म्हणून झाली. स्वभाव असतातच, पण तास फार मोजावे लागतात. अमेरिकेतल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली हा हिशेबच मांडला : नुसत्या ओळखीतून बऱ्यापैकी मित्र व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. नोकरीच्या टेबलावर एकत्र घालवलेले तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत; गप्पा, खाणं, उंडारणं यांचे तास उपयोगी पडतात. आता करा गणित. हॉस्टेलवर रोज सात-आठ तास एकमेकांच्या खोलीत पडीक असलेली मुलं महिन्याभरात २०० च्या पुढे जातात. आज तुम्ही एखाद्या नव्या ओळखीच्या माणसाला महिन्यातून एकदा दोन तास भेटलात, तर त्याच २०० तासांना आठ वर्षं चार महिने लागतील. चाळिशीनंतर मित्र होत नाहीत म्हणून लोक हळहळतात. मला तरी त्यात माणसांचा दोष दिसत नाही, कॅलेंडरचा दिसतो.

आणि कुणाशी मैत्री होणार हेही आपल्याला वाटतं तेवढं आपल्या हातात नसतं. लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीचा अभ्यास १९५० साली प्रसिद्ध केला. ही घरं लग्न झालेल्या विद्यार्थ्यांची होती, कुणाला कुठलं मिळेल ते निवडीवर नव्हतं. तिथे लागून असलेल्या दारांमध्ये मैत्री जुळण्याचं प्रमाण ४१ टक्के आणि मजल्याच्या दोन टोकांच्या घरांमध्ये १० टक्के निघालं. अंतर किती? काही पावलं. माझे दोन जिवलग मित्र मला खोलीवाटपाच्या यादीने दिले. यादीत मी पुढच्या खोलीत गेलो असतो तर आज दुसऱ्याच दोघांबद्दल लिहीत बसलो असतो, आणि तेवढ्याच ठामपणे म्हटलं असतं की हे मित्र म्हणजे नशिबाने भेटलेले.

तिसरं, सांगणं. आठवण टिकते ती पेटीत ठेवून नाही, बाहेर काढून. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा होते. एकेकाळी तिच्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. पन्नास-साठ वर्षं झालेली असोत, तो तालमी, लाइट्स, भरत नाट्य मंदिराची विंग आणि निकालाच्या वेळचा आरडाओरडा हे सगळं सांगू शकतो, कारण गेली पन्नास वर्षं तो तेच सांगत आला आहे. प्रत्येक भेटीत एक पॉलिश.

मेसच्या आमटीबद्दलही एक सांगायला हवं. ती चांगली नव्हती. आमच्याकडे रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री मेस बंद, आणि एरवी आमटीत डाळीचा दाणा सापडला तर तो टेबलावर ठेवून सगळ्यांना दाखवायची पद्धत होती. सलग चार दिवस गावी गेलं तरच खाडा, म्हणजे न खाल्लेल्या जेवणाची सूट, मिळायचा, त्यावरून मेसच्या काकांशी दरमहा भांडण. पण आठवणीत अप्रिय भावना प्रिय भावनांपेक्षा लवकर फिकी पडते, आणि तो प्रसंग इतरांना सांगत राहिलं तर आणखी लवकर. अभ्यासांत हे पुन्हापुन्हा दिसलं आहे. भूक फिकी झाली, डाळीचा दाणा उरला. सुखाचे दिवस होते असं म्हणताना हे थोडं ध्यानात ठेवलेलं बरं. त्या चार वर्षांत तुम्ही घाबरलेले, पैशाने तंग आणि बरेचदा एकटेही असणार.

वासाचा मात्र वेगळा हिशेब आहे. वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवण यांच्या केंद्रांना जवळ पडते. बाकीच्या इंद्रियांसारखी ती आधी मधल्या चौकीवर थांबत नाही. आणि वासाने उठलेल्या आठवणी शब्दांनी उठलेल्यांपेक्षा जुन्या असतात, बऱ्याचदा पहिल्या दहा वर्षांतल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात खाकी कागद, खळ आणि नवी पुस्तकं यांचा एकत्र वास आला की मी कॉलेजात जात नाही, तिसरीत जातो. वडील जमिनीवर मांडी घालून कव्हरं घालताहेत, कोपरे दुमडताना नखाने घडी पाडताहेत आणि मला फक्त स्टिकर चिकटवायची परवानगी आहे. हे कुणी मला सांगितलेलं नाही, मी कुणाला सांगत नाही. म्हणून कदाचित ते अजून पॉलिश न झालेलं आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, आणि इथे मी स्वतःच आरोपी आहे.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या शीट असतात. त्या स्वतः काढायच्या असतात, असं म्हणतात. प्रत्यक्षात जीटी मारतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन स्टुलांवर काच आडवी ठेवायची, खाली शंभरचा बल्ब, काचेवर हुशार मुलाची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट क्लिपा लावून घट्ट, आणि खालून दिसणाऱ्या रेघांवरून पेन्सिल फिरवायची. काच तापते, कोपराला चटका बसतो, घामाचा थेंब शीटवर पडला की डाग जात नाही. आमच्या खोलीतली काच आम्ही तिघांनी फोटोफ्रेमवाल्याकडून आणली होती. आमच्याकडे नावांऐवजी गावांनी हाक मारायची रीत असल्याने ते दोघे सोलापूर आणि अकोला. मी सातारा.

ती काच सबमिशनच्या आदल्या रात्री फुटली. माझी आठवण अशी की अकोल्याने चहाचा ग्लास तिच्यावर टेकवला. अकोला म्हणतो, कुणीच काही केलं नाही, बल्बच्या उष्णतेने ती आपोआप तडकली. सोलापूर सांगतो की लाइट गेले, अंधारात सातारा काडेपेटी शोधायला वाकला आणि सगळा भार काचेवर टाकला. गेली तीसेक वर्षं प्रत्येक भेटीत हा खटला चालतो. एका गोष्टीवर मात्र तिघांचं एकमत : बाहेर धो धो पाऊस पडत होता.

शपथेवर सांगण्याला काय किंमत आहे, ते उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी मोजून दाखवलं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान आकाशात फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, ही बातमी तुम्हाला कुठे, कुणाकडून, काय करत असताना कळली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. ४४ पैकी ११ जणांचं मुख्य मुद्द्यांतलं एकही उत्तर जुळलं नाही. तिघांचंच सगळं जुळलं. आणि चुकलेले अडखळत नव्हते, बरेचसे अगदी खात्रीने सांगत होते. त्यांचाच जुना कागद, त्यांच्याच अक्षरातला, समोर ठेवला तरी चुकलेली आठवण जागची हलली नाही. तेव्हा तुमच्या सातजणांपैकी जो सर्वांत ठासून सांगतो, त्याला त्याबद्दल जादा गुण देऊ नका. कागद असेल तर तो शोधा. जुनी पत्रं, पासबुक, हिशेबाची वही, फोटोच्या मागची तारीख. फोटोचा पुढचा भाग तितका विश्वासाचा नाही. तो आपण इतक्या वेळा बघितलेला असतो की प्रसंग आठवतो की फोटो, हेच कळेनासं होतं.

आमचा कागद दोन वर्षांपूर्वी सापडला. अकोल्याच्या जुन्या घराचं आवरताना ट्रंकेत त्याची लाल पुठ्ठ्याची वही निघाली, चहा-बिडी-रॉकेलचा हिशेब लिहिलेली. त्याने पानाचा फोटो पाठवला. शाई जांभळी पडली होती, अक्षर त्याचंच. वर तारीख फेब्रुवारीची. फेब्रुवारीत आमच्याकडे कसला आलाय पाऊस. खाली एक ओळ : काच ४२ रु., तिघांत १४ प्रमाणे. कुणी फोडली, त्याचा उल्लेख नाही.

सोलापूरने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, बघ, तरीसुद्धा तूच. मी त्याला समासातलं बारीक अक्षर वाचायला सांगितलं. तिथे लिहिलंय, सोलापूरचे येणे बाकी. ते १४ रुपये त्याने अजून दिलेले नाहीत.