एक उपाय, दोन परिणाम : शिक्षणातील व्यामिश्रतेचा विचार

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एक सूचना हमखास पुढे येते. अमुक शाळेने दर आठवड्याला चाचणी सुरू केली आणि तिचा दहावीचा निकाल वाढला. तमुक संस्थेने हुशार मुलांची स्वतंत्र तुकडी केली आणि तिचे नाव जिल्हाभर झाले. मग आपण हे केव्हा करणार? सूचना करणाऱ्यांची तळमळ खरी असते, पुष्कळदा देणगीची तयारीही असते. तरीही अशा सूचनेला सरळ होकार किंवा नकार देणे मला शिक्षक म्हणून कधी जमले नाही. ते का जमत नाही, हे मला बऱ्याच उशिरा, व्यामिश्रता सिद्धान्ताच्या वाचनातून उमगले. इंग्रजीत त्याला कॉम्प्लेक्सिटी थिअरी म्हणतात.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. क्लिष्ट वस्तू वेगळी आणि व्यामिश्र वस्तू वेगळी. विहिरीवरची विजेची मोटार क्लिष्ट आहे. ती जळाली तर कारागीर तिचे वाइंडिंग नव्याने भरून देतो आणि मोटार पूर्ववत पाणी ओढू लागते. तिचे भाग सुटे करता येतात, प्रत्येकाचे काम ठरलेले असते, आणि एका गावात बसवलेला सुटा भाग दुसऱ्या गावातही तेच काम करतो. वर्गाचे तसे नाही. पहिल्या बाकावरील एका मुलीची जागा बदलली, तर तिच्या शेजारणीचे बोलणे बदलते, त्या बोलण्याने शिक्षकांचे लक्ष दुसरीकडे वळते, आणि आठवड्याने पाहावे तर वर्गात प्रश्न विचारणारी मुले वेगळीच असतात. येथे प्रत्येक घटक दुसऱ्याला पाहून वागतो, मागचे लक्षात ठेवतो आणि स्वतः बदलतो. अशा परस्परसंबंधांतून जे गुण समूहात उत्पन्न होतात, पण कोणत्याही एका घटकात शोधून सापडत नाहीत, त्यांना उद्भव म्हणतात. एखाद्या वर्गाला ‘चांगला वर्ग’ म्हणताना आपण नेमके अशाच गुणाविषयी बोलत असतो.

ही दृष्टी शिक्षणशास्त्रात जन्मली नाही. अमेरिकन गणिती वॉरेन वीव्हर यांनी १९४८ साली विज्ञानापुढील प्रश्नांचे तीन वर्ग केले. काही प्रश्नांत दोन-चार चल असतात, ते सोपे. काहींत असंख्य घटक असले तरी ते विस्कळीत असतात. त्यांना संख्याशास्त्राची सरासरी पुरते. मधला वर्ग अवघड. त्यात घटक बरेच असतात आणि ते एकमेकांत संघटित असतात. पुढे १९६१ साली हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांना संगणकावर एक विलक्षण अनुभव आला. आधीची आकडेमोड मधूनच पुन्हा सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ या आकड्याऐवजी छापील कागदावरील ०.५०६ एवढाच आकडा भरला. काही काळ दोन्ही आलेख जोडीने चालले आणि नंतर इतके दूर गेले की ते एकाच गणिताचे वाटेनात. आरंभीचा सूक्ष्म फरक पुढे मोठा होऊ शकतो, हे त्यातून दिसले. ज्या शिक्षकाने पाचवीत सारख्याच वाटणाऱ्या दोन भावंडांना दहावीपर्यंत पाहिले आहे, त्याला या आलेखांचे नवल वाटणार नाही.

शिक्षणाच्या क्षेत्रात हा विचार प्रामुख्याने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आला. कॅनडातील ब्रेंट डेव्हिस आणि डेनिस सुमारा यांचे या विषयावरील पुस्तक २००६ साली प्रसिद्ध झाले, तर मार्क मेसन यांनी संपादित केलेला शिक्षणाच्या तत्त्वज्ञानावरील लेखसंग्रह २००८ साली. परंतु पुस्तकांची नावे सांगण्यापेक्षा एक प्रत्यक्ष उदाहरण अधिक उपयोगी पडेल, म्हणून ते थोडे सविस्तर मांडतो.

वर्गाची पटसंख्या कमी केली तर मुले अधिक शिकतात काय? अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९८५ पासून चार वर्षे याचा प्रयोग केला. आरंभी ७९ शाळा निवडण्यात आल्या. बालवर्गातील मुले व शिक्षक यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन प्रकारच्या वर्गांत वाटण्यात आले : १३ ते १७ मुलांचे लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचे नेहमीचे वर्ग, आणि मदतनीस दिलेले नेहमीचे वर्ग. तिसरीपर्यंत ही रचना टिकवण्यात आली. लहान वर्गांतील मुले वाचनात आणि गणितात पुढे गेली. गरीब व कृष्णवर्णीय मुलांना झालेला लाभ अधिक होता. नुसता मदतनीस देऊन मात्र फारसा फरक पडला नाही. शिक्षण-संशोधनात इतका नेटका आणि इतका मोठा प्रयोग क्वचितच झाला असेल.

हा निष्कर्ष समोर असताना कॅलिफोर्निया राज्याने १९९६ च्या उन्हाळ्यात निर्णय घेतला : पहिल्या काही इयत्तांत एका वर्गात वीसच मुले असावीत आणि तसे करणाऱ्या शाळांना दर मुलामागे अनुदान मिळावे. तोवर तेथील वर्गांत सरासरी तीसच्या आसपास मुले असत. निर्णय आणि शाळा उघडणे यांत काही आठवड्यांचेच अंतर होते. एकाएकी हजारो नवे शिक्षक लागले. त्या इयत्तांच्या शिक्षकांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्याने वाढली. पात्रताधारक शिक्षक इतके नव्हतेच. संपन्न वस्त्यांतील शाळांत जागा निघाल्या तसे गरीब वस्त्यांतील अनुभवी शिक्षक तिकडे गेले आणि त्यांच्या जागी पूर्ण प्रशिक्षण न झालेले आले. खोल्या अपुऱ्या होत्या, म्हणून ग्रंथालये आणि संगीताच्या खोल्या वर्गांना द्याव्या लागल्या. पालक समाधानी होते, शिक्षकही होते. पण मुलांच्या शिकण्यात या उपायामुळे किती वाढ झाली, हे अभ्यासकांना ठामपणे सांगता आले नाही.

टेनेसीचा निष्कर्ष चुकीचा होता काय? मुळीच नाही. तेथे शिक्षक उपलब्ध होते, खोल्या होत्या, भाग घेणाऱ्या शाळा तयारीनिशी आल्या होत्या. ‘लहान वर्ग’ हे कारण त्या सर्व गोष्टींच्या संगतीने काम करीत होते. प्रयोगात त्या गोष्टी दोन्ही गटांत सारख्या असल्यामुळे हिशेबात दिसल्या नाहीत. कॅलिफोर्नियात पटसंख्या उतरली, आणि तिच्याच धक्क्याने बाकीचे सारे हलले. ज्या मुलांना सर्वाधिक लाभ व्हायचा, त्यांच्याच शाळांतून जाणते शिक्षक निघून गेले, ही यातील सर्वांत बोचणारी बाब होय.

आपल्या देशातही असे घडले आहे. मुंबई आणि वडोदरा येथे ‘प्रथम’ या संस्थेने मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच तरुणी ‘बालसखी’ म्हणून नेमल्या. २००१ ते २००३ या काळात त्या उपक्रमाची यादृच्छिक प्रयोगाने पाहणी झाली आणि मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. मूल ज्या इयत्तेत बसते तिचा विचार न करता, त्याला प्रत्यक्ष जे येते तेथून शिकवावे, हे त्यामागील तत्त्व. पुढे हीच पद्धत शासकीय शाळांत नेण्यात आली. बिहारमध्ये शासकीय शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात ती वापरली तेव्हा मुले शिकली. शाळेच्या चालू वर्षात शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिले, तेव्हा फरक पडला नाही. पद्धत तीच, राज्य तेच, शिक्षकही शासकीयच. मात्र जूननंतर त्यांच्यापुढे पाठ्यपुस्तक पूर्ण करण्याचे दडपण होते. शिबिरात ते नव्हते. बिहारमध्ये स्वयंसेवक जोडून दिल्यावर चालू वर्षातही लाभ झाला, तर उत्तराखंडात झाला नाही, कारण तेथील शाळांनी त्या स्वयंसेवकांना नेहमीच्या शिक्षकांची कामे दिली. नंतर हरियाणात या कामासाठी रोजचा वेगळा तास राखून ठेवला आणि देखरेख नेमली, तेव्हा पद्धत पुन्हा फळली.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, मग प्रयोग आणि आकडे हवेत कशाला? हा निष्कर्ष मला मान्य नाही. व्यामिश्रतेचे नाव घेऊन ‘सगळेच गुंतागुंतीचे आहे’ असे म्हणत हात वर करणारे लेखन पुष्कळ होते, आणि ते मला आळसाचे वाटते. बिहारमध्ये नेमके काय अडले हे कळले ते प्रयोग पुन्हा पुन्हा, परिस्थिती बदलून केल्यामुळेच. बदलायला हवा तो संशोधकाचा प्रश्न. ‘हा उपाय चालतो काय?’ असे न विचारता ‘कोणाच्या संगतीत, कोणत्या परिस्थितीत चालतो, आणि तो आणल्याने आणखी काय हलते?’ असे विचारावे लागते. त्यासाठी प्रायोगिक गट व नियंत्रित गट यांच्या गुणांसोबत रोजच्या नोंदी, मुलांचे बोलणे, शिक्षकांची दैनंदिनी हेही साधन ठरते. आपल्या अध्यापक महाविद्यालयांतून कृतिसंशोधन बहुधा पूर्वचाचणी, उपाय, उत्तरचाचणी एवढ्या चौकटीत उरकले जाते. मधल्या दिवसांत काय घडले याचे पान बहुतेक प्रबंधांत कोरेच असते.

माझ्याही एका प्रयोगाचे ते पान कोरे राहिले होते. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका निवासी शाळेत असताना तेथील वसतिगृहात सायंकाळचा अभ्यास एका मोठ्या खोलीत, पाचवीपासून नववीपर्यंतची मुले एकत्र बसून करीत. गोंगाट होई. इयत्तावार खोल्या कराव्यात आणि प्रत्येक खोलीवर शिक्षक नेमावा, अशी योजना मी मांडली आणि ती मंजूर झाली. शांतता प्रस्थापित झाली, गृहपाल संतुष्ट झाले. सहामाहीत मात्र सहावीचे गणिताचे गुण उतरले. आम्ही प्रथम त्या विषयाच्या शिक्षकांकडे बोट दाखवले. शेवटी सहावीतला एक मुलगा म्हणाला, “सर, आता विचारायचं कुणाला?” नववीतला एक मुलगा, ज्याला त्याच्या वर्गात कोणी हुशार म्हणत नसे, तो त्या मोठ्या खोलीत लहानांना अपूर्णांक समजावून देत असे. समजावताना तो स्वतः शिकत होता आणि त्या खोलीत त्याला मान होता. माझ्या योजनेने त्याचे ते स्थान गेले. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला तो परतला नाही. केवळ खोल्यांमुळे तो गेला, असे मी म्हणणार नाही. त्याच्या घरची माणसे ऊसतोडीला निघाली होती आणि घरात आणखी एक हात हवा होता. पण तसे ते प्रत्येक वर्षीच निघत, आणि तो प्रत्येक वर्षी परत येत असे. आम्ही पुढच्या सत्रात मुले पुन्हा एकत्र बसवली. गुण थोडे सावरले. तो मुलगा मात्र आला नाही.

अनेक कारणे एकत्र येऊन कार्य घडते, हा विचार या वाचकांना नवा नाही. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द येथील प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानांवरून गेलेला असतो. तथापि ‘हे विज्ञान आपल्याकडे आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह टाळावा. त्या विचाराचा रोख दुःखाच्या कारणपरंपरेकडे आहे, आणि त्याला हवामानाच्या गणिताच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. शिक्षणात अधिक जवळचा पूर्वसूरी म्हणजे जॉन ड्यूई. कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लाभलेल्या या प्राध्यापकाने १९३८ सालच्या आपल्या पुस्तकात, अनुभव हा शिकणारा आणि त्याची परिस्थिती यांच्या परस्परक्रियेतून घडतो, असे प्रतिपादन केले होते.

आता आरंभीच्या सूचनेकडे वळू. हुशार मुलांची वेगळी तुकडी करावी आणि त्यांचा सायंकाळचा अभ्यासही वेगळा ठेवावा, असा प्रस्ताव आपल्या शाळेपुढेही आहे. त्याला विरोध करण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. साप्ताहिक चाचण्यांपुरता तो लगेच अमलात आणायला माझी हरकत नाही. चाचणी घेतली आणि निरुपयोगी ठरली तर ती थांबवता येते. सायंकाळच्या अभ्यासाविषयी मात्र माझी विनंती आहे की पहिले सत्र केवळ नोंदीसाठी द्यावे. कोणते मूल कोणाकडे जाते, काय विचारते, कोण कोणाला समजावते, हे गृहपाल आणि दोन शिक्षकांनी रोज अर्धे पान लिहून ठेवावे. दुसऱ्या सत्रात एकाच खोलीपुरता बदल करावा आणि नोंदी चालू ठेवाव्यात. त्यानंतर दोन्ही सत्रांच्या नोंदी व गुण पालकसभेपुढे ठेवून निर्णय घ्यावा.

या कामात माजी विद्यार्थ्यांचे साहाय्य होऊ शकेल. वसतिगृहात असताना वर्गातील शिक्षकांखेरीज आपण कोणाकडून काय शिकलो, आणि कोठे बसून, एवढेच एका पानावर लिहून शाळेकडे पाठवावे. मोठ्यांची नावे आठवतील ती लिहावीत; जे मध्येच शाळा सोडून गेले त्यांचीही लिहावीत.