गोळी लपवू नकोस

चि. सायलीस,


डॉक्टरांनी तुला एस्सिटालोप्रॅम सुरू केल्याचं तुझ्या आईने सांगितलं. वर म्हणाली, ‘कुणाजवळ बोलू नकोस हं, उद्या स्थळं बघायची आहेत.’ शेजारीपाजारी सांगू नकोस, माझी हरकत नाही. पण ज्या ज्या डॉक्टरकडे जाशील त्याला आणि औषधाच्या दुकानात सांगायचंच. ही गोळी वाईट नाही, लपवलेली गोळी वाईट.

उदासीनता आणि सततची चिंता, दोन्हींवर ती चालते. मात्र तापाच्या गोळीसारखा तासाभरात गुण येत नाही. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्तही. त्याआधी कदाचित मळमळ होईल, झोप बिघडेल. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीला जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. तसं काही मनात आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ आणि घरात सांग. अपरात्री १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर.

आता तुझ्या काढायच्या अक्कलदाढेचं. ती काढल्यावर दुखण्यासाठी कधी कधी ट्रामाडॉल असलेली गोळी लिहून देतात. ती आणि तुझी गोळी एकत्र आल्या तर शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन फार वाढू शकतं: घाम, थरथर, छातीत धडधड, ताप, भ्रम. असं क्वचित होतं, पण झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं. कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि ‘हर्बल’ म्हणून खपवलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट यांचाही तोच धोका. तुझ्या गोळीसोबत दुखण्यावरचं आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वरचेवर घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. आणि आपल्याकडे प्रत्येक प्रिस्क्रिप्शनला शेपटासारखी जोडलेली ती ॲसिडिटीची कॅप्सूल! तिच्यात डोमपेरिडोन असेल तर ते आणि तुझी गोळी मिळून हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात. ओमेप्रॅझोल असेल तर तुझ्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. दारूचं वेगळं सांगायला नको.

आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर रोज पाहतो, गिऱ्हाईक चार गोळ्या मागतं, आम्ही कात्रीने पट्टी कापतो, आणि नावाची, तारखेची बाजू नेमकी दुकानात राहते. तू अख्खी पट्टी घे आणि मागचं वाच. एस्सिटालोप्रॅमसोबत क्लोनाझेपाम घातलेल्याही गोळ्या मिळतात. नाव जवळपास तेच, पण क्लोनाझेपामची सवय लागते. दुकानदाराने ‘हीच आहे’ म्हणून दुसरी दिली तर घेऊ नकोस.

बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करायची नाही. चक्कर येते, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, चिडचिड वाढते, आणि लोक म्हणतात गोळीचं व्यसन लागलं. डॉक्टर डोस हळूहळू उतरवून देतात, तसाच उतरव.

पट्टीच्या नावाच्या बाजूचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेव, आणि एक तुझ्या आईलाही पाठव.

तुझा,
मामा