परदेशीं शिकविणाराचा पहिला धडा

आपलें घरदार सोडून परमुलखांतील शाळेच्या मुलांस इंग्रजी शिकविण्यास जाणें, आणि तेंही पगाराच्या आशेनें नव्हे, हें थोर मनाचें लक्षण होय. परंतु मन थोर असलें म्हणजे काम साधतेंच असें नाहीं. एकाच वर्षीं घडलेल्या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहूं, म्हणजे हें ध्यानांत येईल.

१. आक्रा येथील गीत.
सन १९६१ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनीं ‘पीस कोर’ म्हणजे शांतिदल या नांवाचें स्वयंसेवकांचें दल स्थापिलें. त्याची पहिली तुकडी, सुमारें ५० तरुण स्त्रीपुरुष, ३० ऑगस्ट रोजीं पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशाची राजधानी आक्रा येथें विमानांतून उतरली. घाना १९५७ सालीं ब्रिटिश अमलांतून मुक्त झाला होता. देशांत भाषा अनेक, म्हणून वरच्या शाळांतील शिक्षण इंग्रजींतून चाले; आणि शिक्षक मात्र थोडे. त्या शाळांत शिकविण्यास हीं मंडळी आलीं होतीं. त्यांनीं विमानतळावर प्रथम काय केलें? तेथील त्वी भाषेंत एक गीत म्हटलें. शिकविण्यास आलेल्यांनीं यजमानांचे शब्द आधीं आपल्या तोंडीं घेतले.

२. इबादान येथील कार्ड.
त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, नायजेरिया देशांतील इबादान शहरीं, याच दलाची एक तरुणी शिक्षिकेच्या कामाची तयारी करीत होती. तिनें मायदेशच्या मित्रास एक कार्ड लिहिलें. येथील लोक रस्त्यांतच राहतात, रस्त्यांतच रांधतात, स्थिति फार मागासलेली आहे, असा त्यांतील आशय होता. तें कार्ड टपालांत पडण्यापूर्वींच हरवलें आणि तेथील विद्यार्थ्यांच्या हातीं आलें. त्यांनीं नकला काढून वाटल्या, सभा भरविल्या, आणि हे लोक आम्हांस नकोत असें म्हटलें. तरुणीनें क्षमा मागितली. तरी तिला परत जावें लागलें.

३. यांतील बोध.
कार्डांतील मजकूर सर्वस्वीं खोटा होता असें नाहीं. मग एवढा क्षोभ कां? नायजेरियास स्वातंत्र्य मिळून तेव्हां एकच वर्ष झालें होतें. ज्या पाहुण्यास आपण पानावर बसविलें, त्यानेंच आपल्या चुलीची निंदा करावी, हें कोणत्या गृहस्थास सोसेल?

मुलांचेंही असेंच आहे. परभाषा चुकतमाकत बोलूनच येते. ज्या मुलास वाटतें कीं गुरुजी आपल्या घराला व बोलीला हंसतात, तें मूल चुकण्याच्या भयानें तोंडच उघडीत नाहीं. उलट ज्या गुरुजीस बाजारांत मीठ मागतांना परकी बोली अडखळत बोलावी लागते, त्यास मुलाच्या अडखळण्याचें मर्म कळतें. म्हणूनच या दलांत शिकवूं जाणारास आधीं सुमारें तीन महिने भाषा व रीतभात शिकावी लागते. पुढें दोन वर्षें काम असतें. स्थानिक शिक्षकांबरोबर काम करणें हेंही महत्त्वाचें आहे. कारण पाहुणा एक दिवस जाणारच, आणि वर्ग त्या शिक्षकाच्याच हातीं राहणार. दोन आठवडे येऊन चार गाणीं शिकवून जाणारा मुलांस आनंद देईल. पण त्याच्यामागें टिकेल असें थोडेंच उरेल.

बंधुभगिनींनो, पलीकडच्या वस्तींत रात्रीं कंदील घेऊन अक्षरें शिकवूं जाणारासही हाच नियम लागू आहे. तेथील बोली आपल्याहून निराळी असेल; ती आधीं ऐकावी, मग पाटी पुढें करावी. आणि घरीं परतल्यावर तेथील माणसांविषयीं असें कांहीं बोलूं नये, जें त्यांच्या कानीं गेल्यास आपणांस मान खालीं घालावी लागेल.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न
१. आक्रा येथें उतरलेल्यांनीं प्रथम काय केलें, व कां?
२. कार्डांतील गरिबी खरी असली, तरी लिहिणारीचें काय चुकलें?
३. आपण ज्यांस शिकवितों, त्यांच्याकडून आपण काय शिकलों आहों?