पंपाची आणि स्पेसरची निगा

दम्याचे रुग्ण मला पुष्कळदा सांगतात, "डॉक्टर, पंपाचा गुण येईनासा झालाय." अशा वेळी औषध बदलण्याआधी मी पंप पाहायला मागतो. तोंडाशी औषधाची पांढरी पूड साचून बारीक छिद्र बुजलेले असते. औषध डबीत असते, पण छातीत पोचत नाही. रात्री धाप लागली तर हे जिवावर बेतू शकते.

आठवड्यातून एकदा धातूची डबी काढून ठेवा. ती पाण्यात बुडवू नये. तरंगते का पाहून औषध किती उरले हेही कळत नाही. प्लॅस्टिकचा भाग कोमट पाण्याच्या धारेखाली दोन्ही बाजूंनी धुवा, झटका व रात्रभर वाळू द्या. डबी बसवून दोन फवारे हवेत सोडा. मध्येच धाप लागली, तर पाणी झटकून, दोन फवारे हवेत सोडून पंप ओलाच वापरावा.

स्पेसर महिन्यातून एकदा सुटा करून साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा व निथळत ठेवा. तोंडात धरायचा भाग तेवढा साध्या पाण्याने धुवा. आतून फडक्याने मुळीच पुसू नका. घासल्याने प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींनाच चिकटते.

स्पेसरला तडा गेला किंवा झडप नीट हलेनाशी झाली, तर नवा घ्यावा. एकाचा स्पेसर दुसऱ्याने वापरू नये. आणि पुढच्या तपासणीला येताना पंप व स्पेसर बरोबर आणायला विसरू नका.