एक दिवस इतिहासाच्या सहवासात : महिलांच्या अभ्यास-सहली

आपल्याकडील स्त्रीला प्रवास नवा नाही. माहेर-सासर, जत्रा-यात्रा, लग्नकार्य आणि आजाऱ्याची विचारपूस या निमित्तांनी ती घराबाहेर पडतच आली आहे. मात्र या प्रत्येक प्रवासात तिच्यावर कोणते ना कोणते कर्तव्य सोपविलेले असते. केवळ पाहण्यासाठी आणि जाणून घेण्यासाठी एखाद्या ठिकाणी जावे, अशी संधी तिच्या वाट्याला क्वचितच येते. परिणामी ज्या लेण्याचा डोंगर रोज दारातून दिसतो, त्या डोंगरावर आयुष्यात एकदाही पाऊल न ठेवलेल्या कितीतरी भगिनी आपल्या गावोगावी आढळतात.

अलीकडे महिला मंडळे, बचत गट आणि शाळांचे माता-पालक संघ यांनी केवळ महिलांसाठी एक दिवसाच्या सहली काढण्यास प्रारंभ केला आहे. हा उपक्रम स्वागतार्ह आहे. परंतु सहलीत काय पाहावे आणि कसे पाहावे, याचा विचार झाला नाही, तर गाडीतील गाणी, फराळ आणि छायाचित्रे एवढ्यावरच दिवस संपतो. अशी सहल अभ्यासपूर्ण कशी करता येईल, याचे नाशिक जिल्ह्यातील एका मार्गाच्या आधारे दिग्दर्शन करावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मार्गाची निवड

एका दिवसात दोनच स्थळे घ्यावीत. अधिक स्थळे घेतली की पाहणे मागे पडते आणि धावपळच होते. शिवाय निवडलेल्या दोन स्थळांना जोडणारा एखादा धागा असावा. नाशिक शहराच्या दक्षिणेस सुमारे आठ किलोमीटरवर मुंबई-आग्रा महामार्गालगत पांडवलेणी आहेत. याच महामार्गाने नाशिकच्या ईशान्येस सुमारे पासष्ट किलोमीटर गेल्यावर चांदवड लागते. तेथे होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकादेवीचे मंदिर आहे. पहिल्या ठिकाणी सातवाहनकालीन स्त्रियांचे दानलेख आहेत, तर दुसऱ्या ठिकाणी अठराव्या शतकातील अहिल्याबाई होळकरांची आठवण आहे. मध्ये सोळाशे वर्षांचे अंतर असले, तरी दोन्हीकडे स्त्रीने आपले धन आणि आपला निर्णय कोठे लावला, हेच आपल्याला पाहावयाचे आहे.

पांडवलेणी : दगडावरची नावे

पांडवलेणी हे नाव लोकांनी दिलेले आहे. पांडवांशी या लेण्यांचा संबंध नाही. जुन्या लेखांत या डोंगराला त्रिरश्मी म्हटले आहे. येथे एकूण २४ लेणी असून त्यांतील बहुतेक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी कोरण्यात आली. पुढे महायान काळात त्यांत बुद्धमूर्तींची भर पडली. लेण्यांतील लेख ब्राह्मी लिपीत आणि मुख्यतः प्राकृत भाषेत आहेत. सर्व लेणी पाहण्याचा आग्रह न धरता पुढील चार लेणी सावकाश पाहावीत.

लेणे क्रमांक ३ हे येथील सर्वांत प्रसिद्ध लेणे होय. ओवरीच्या तळाशी सहा धिप्पाड यक्ष जणू साऱ्या लेण्याचा भार खांद्यावर पेलून उभे आहेत. आत प्रशस्त दालन असून त्याभोवती भिक्षूंसाठी १८ खोल्या आहेत. मागील भिंतीवर स्तूप कोरलेला असून त्याच्या दोन्ही बाजूंस एकेक स्त्री उपासिका आहे. हे लेणे गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिने, आपला नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकीर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी भिक्षुसंघास दान दिले. मुलाच्या पराक्रमाचे जे वर्णन तिच्या लेखात आले आहे, ते सातवाहनांच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन ठरले आहे. त्याने शक, यवन व पह्लव यांचा पराभव केला, क्षहरात घराणे उखडून टाकले, प्रजेच्या सुखदुःखात तो सहभागी झाला आणि धर्माला धरूनच त्याने कर घेतले, असे त्यात म्हटले आहे. तो आईची सेवा करणारा होता, हेही आईने आवर्जून नोंदविले आहे. एवढ्या मोठ्या राजाचा परिचय आज आपल्याला बऱ्याच अंशी त्याच्या आईच्या लेखातून होतो, ही बाब सहलीतील प्रत्येक भगिनीने मनात साठवून न्यावी अशी आहे.

याच लेण्यात आणखी एक उद्बोधक लेख आहे. गौतमीपुत्राच्या चोविसाव्या वर्षी राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने गोवर्धन येथील अधिकाऱ्यास आज्ञा पाठविण्यात आली. भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत पडीक राहिले आहे आणि ते गावही वसलेले नाही. म्हणून त्याऐवजी दुसरी जमीन द्यावी, असा तिचा आशय आहे. दिलेल्या दानाचा उपयोग होतो की नाही, याची चौकशी करून चूक दुरुस्त करणारा हा व्यवहार आहे आणि त्यात राजमातेचे नाव राजाच्या बरोबरीने आले आहे.

लेणे क्रमांक १० हे शक क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने कोरविले. येथे खोल्यांच्या दारांवर त्याच्या पत्नीचे, म्हणजे नहपानाची कन्या दक्षमित्रा हिचे नाव आढळते. त्या खोल्यांचे दान तिचे आहे. त्यानंतर अंगणाच्या भिंतीवरील एका लेखाजवळ अवश्य थांबावे. हा लेख इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने येथील भिक्षुसंघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवल्याचे त्यात सांगितले आहे. अशा ठेवीस अक्षयनीवी म्हणत. मूळ रक्कम तशीच राहावी आणि व्याजातून खर्च भागावा, अशी ही पद्धत होती. ही रक्कम तिने कारागिरांच्या श्रेणींकडे सोपविली होती. त्यांत पाण्याची यंत्रे करणारे होते आणि तेल गाळणारे तेलीही होते. बचत गटातील भगिनींना हा लेख समजावून सांगण्यास फार वेळ लागत नाही. मुद्दल, व्याज, विश्वासाची संस्था आणि आजारपणासाठी राखून ठेवलेला पैसा या साऱ्या गोष्टी त्यांच्या रोजच्या परिचयाच्या आहेत.

लेणे क्रमांक १८ हे येथील एकमेव चैत्यगृह होय. त्याच्या दर्शनी कमानीच्या कामाचे दान एका गावाने मिळून केले आहे. आतील लेखात भट्टपालिका या स्त्रीने चैत्यगृह पूर्ण करविल्याचे म्हटले आहे. ती एका राजअमात्याची मुलगी, दुसऱ्या राजअमात्याची पत्नी आणि एका मुलाची आई होती, अशी तिची ओळख लेखात दिलेली आहे. ओळख अशी नातेवाइकांवरून दिलेली असली, तरी दान मात्र तिच्या स्वतःच्या नावावर नोंदलेले आहे.

लेणे क्रमांक २० मधील लेखाची हकिगत आणखी बोलकी आहे. बोपकी नावाच्या यतीने हे लेणे सुरू केले. पण ते बरीच वर्षे अपुरे पडून होते. यज्ञ सातकर्णीच्या सातव्या वर्षी भवगोप या महासेनापतीची पत्नी वासू हिने ते पूर्ण करून संघाला दिले. दुसऱ्याने सुरू केलेले आणि रखडलेले काम तडीस नेण्याचा हा गुण घरोघरच्या स्त्रियांना अपरिचित नाही.

चांदवड : रंगमहाल आणि रेणुकामंदिर

दुपारचे जेवण वाटेत उरकून तिसऱ्या प्रहरी चांदवडला पोहोचावे. अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे झाला. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव मृत्यू पावले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले आणि १७६७ मध्ये मुलगा मालेराव वारला. या आघातांनंतर त्यांनी राज्यकारभार हाती घेतला आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी मृत्यू येईपर्यंत तो महेश्वर येथून सांभाळला. काशी विश्वेश्वराच्या मंदिरासह देशभर मंदिरे, घाट व विहिरी यांवर त्यांनी जे धन वेचले, ते सर्वश्रुत आहे. चांदवड हे होळकरांच्या अमलातील महत्त्वाचे ठाणे होते. रंगमहालातील लाकडावरील कोरीव काम आणि भिंतींवरील चित्रे पाहताना वाड्याची रचनाही पाहावी. कचेरीचा भाग कोणता, राहण्याचा कोणता आणि पाण्याची सोय कशी केली आहे, हे प्रश्न विचारले म्हणजे वाडा बोलू लागतो. डोंगराच्या कुशीतील रेणुकामंदिराशीही अहिल्याबाईंचे नाव जोडलेले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अगत्याचे वाटते. अहिल्याबाई वयाच्या तिशीपूर्वी विधवा झाल्या. आजही हळदीकुंकवाच्या निमित्ताने निघणाऱ्या सहलींत विधवा भगिनींना बोलाविण्यास संकोच केला जातो. ज्यांच्या नावाने आपण मंडळे स्थापन करतो, त्या अहिल्याबाईंनाच अशा सहलीत जागा मिळाली नसती, याचा विचार आयोजकांनी करावा. मासिक पाळीच्या कारणावरूनही कोणा भगिनीस मागे ठेवू नये. लेणी व वाडा ही अभ्यासाची स्थळे आहेत. मंदिरात जावयाचे की नाही, हे जिचे तिने ठरवावे.

सहलीची तयारी

सहल यशस्वी होण्यासाठी पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

१. सहलीच्या आठ दिवस आधी एक तासाची सभा घ्यावी. सातवाहन कोण, अहिल्याबाई कोण, ब्राह्मी लिपी कशी दिसते, एवढे तीत सांगावे. प्रत्येकीने आपले नाव ब्राह्मी अक्षरांत लिहून पाहिले, तर लेण्यातील अक्षरांची ओढ आपोआप लागते.

२. माहिती सांगणारी व्यक्ती शक्यतो स्त्री असावी. गावातील इतिहासाची शिक्षिका किंवा पदवीधर तरुणी थोड्या तयारीने हे काम उत्तम करू शकते. आख्यायिका ही आख्यायिका म्हणून आणि लेखातील माहिती ही लेखातील म्हणून सांगावी. दोहोंची सरमिसळ करू नये.

३. पांडवलेण्यांची चढण पायऱ्यांची आहे. सकाळी लवकर चढावे, साधी चप्पल टाळून पायात घट्ट बसणारे पादत्राण घालावे आणि प्रत्येकीजवळ पाणी असावे. गुडघेदुखीचा त्रास असलेल्या भगिनींसाठी वाटेत थांबे ठेवावेत. घाई नसणे हाच महिलांच्या सहलीचा मोठा लाभ आहे.

४. स्वच्छतागृहांची सोय कोठे आहे, हे आयोजकांनी आधी स्वतः जाऊन पाहावे. ही सोय नसल्यामुळे कित्येक स्त्रिया दिवसभर पाणी पीत नाहीत आणि आजारी पडतात. स्मारके उघडी असण्याची वेळ आणि दुरुस्तीमुळे बंद असलेला भाग यांचीही आगाऊ चौकशी करावी.

५. राज्य परिवहनाच्या बसगाड्यांत १७ मार्च २०२३ पासून महिलांना प्रवासभाड्यात ५० टक्के सवलत देण्यात आली. लहान गटांनी नियमित गाड्यांनी प्रवास करण्याचा विचार करावा. राज्य शासनाने २०२३ मध्ये ‘आई’ हे महिला केंद्रित पर्यटन धोरणही स्वीकारले. पर्यटन व्यवसायात उतरू इच्छिणाऱ्या महिलांनी त्याची माहिती अवश्य घ्यावी.

६. संरक्षित स्मारकाच्या भिंतीवर हात फिरवू नये, नावे कोरू नयेत, कुंकू-तेल लावू नये. दोन हजार वर्षे टिकलेले अक्षर आपल्या एका स्पर्शाने झिजू शकते.

सहलीनंतर

सहलीनंतरच्या आठवड्यात पुन्हा एकत्र यावे. प्रत्येकीने पाहिलेली एक गोष्ट सांगावी आणि मंडळाच्या वहीत तिची नोंद करावी. आपल्या गावातील विहीर कोणी बांधली, मंदिराच्या पायरीवर कोणाचे नाव आहे, शाळेला जागा कोणी दिली, याचा शोध याच वहीतून पुढे सुरू होऊ शकतो.

असे मार्ग महाराष्ट्रात ठिकठिकाणी आखता येतील. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन राणी नागनिका हिचा लेख आहे आणि जवळच शिवनेरी आहे. रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे राजमाता जिजाबाईंची समाधी आहे. कार्ले, कान्हेरी आणि कुडा येथील लेण्यांतही स्त्रियांची दाने नोंदलेली आहेत. सेनापतीची पत्नी वासू हिने अपुरे राहिलेले लेणे पूर्ण केले आणि आपले नाव तेथे कोरून ठेवले. ते नाव वाचण्यासाठी वर्षातील एक दिवस प्रत्येक भगिनीला मोकळा मिळावा, याची जबाबदारी तिच्या कुटुंबाने आणि गावाने घ्यावी.