अगं, कुजबुजतेस कशाला?

परवा फोनवर तुझा आवाज इतका खाली गेला की मला वाटलं रेंजच गेली. मग कळलं, तू स्वयंपाकघराचं दार लावून बोलतेयस. "ताई, ह्यांना तिथे काहीतरी झालंय." तिथे म्हणजे कुठे, ते तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. अगं, मी सव्वीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली. कॅथेटर घालताना लाजून कसं चाललं असतं? लिंग म्हण, इंद्रिय म्हण, लघवीची जागा म्हण, पण नाव घे. नाहीतर डॉक्टरसमोर बसून तुम्ही दोघं भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहाल.

पुढची कातडी लाल, खाज, बारीक चिरा, दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर, आणि आता कातडी मागे सरकत नाही. बरोबर ना? आणि जावईबापू काय करताहेत, तर साबण बदलताहेत, जंतुनाशकाने धुताहेत, आणि मेडिकलवाल्याला नुसतं "खाजेचं द्या" म्हणून आणलेली ट्यूब फासताहेत. ती ट्यूब आज बंद. असल्या बऱ्याच ट्यूबांत बुरशीच्या औषधाबरोबर कडक स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस खाज थांबते, माणूस खूश होतो, बुरशी मात्र खाली फोफावत राहते आणि कातडी पातळ होते. नुसत्या कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा. कातडी जोर लावून मागे ओढू नका. मागे अडकून पुढे आलीच नाही, तर टोक सुजतं, रक्त अडतं, आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठावा लागतो.

हे सगळं मी घरातच पाहिलंय. तुझ्या भावोजींनी चार महिने लपवलं. माझ्यापासून! बायको दिवसभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांची ड्रेसिंगं करते, आणि हा माणूस लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'गुप्तरोग' वाल्या कागदावरचा नंबर उतरवून घेतो. तिथे त्यांना तारुण्यातल्या चुकांवर प्रवचन ऐकवलं आणि सात हजारांच्या पुड्या बांधून दिल्या. शेवटी मी रक्त तपासायला लावलं, तर उपाशीपोटी साखर 212. दुसरं काही लक्षण नव्हतं, असं ते अजून म्हणतात. रात्री तीनदा लघवीला उठायचे, त्याचं खापर पंख्यावर फोडत होते.

साखर फार वाढली की ती लघवीत उतरते. शेवटचा थेंब कातडीखाली राहतो. ऊब, ओल आणि गोडवा, बुरशीला आणखी काय हवं? चिरा पडतात, भरताना आखडतात, आणि लवचिक कातडी ताठर होत जाते. म्हणून चाळिशीच्या पुरुषाची कातडी अशी घट्ट व्हायला लागली की आधी साखर बघायची. उपाशीपोटी 126 किंवा वर, नाहीतर तीन महिन्यांची सरासरी 6.5 टक्के किंवा वर आली, तर मधुमेह धरतात. तुझ्या सासऱ्यांची साखरेची गोळीही बघून ठेव. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यामुळे हाच त्रास होऊ शकतो. गोळी चांगली आहे, मनाने बंद करायची नाही. फक्त डॉक्टरांना सांगायचं.

आता तू जे विचारलं नाहीस ते. त्या कुजबुजीत मला संशय ऐकू आला, बाई. ही बुरशी बाहेर कुठे गेल्यानेच होते असं नाही. बहुतेक वेळा ती अंगावर आधीपासून असते, साखरेने माजते. जखम, फोड किंवा पू असेल तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टर आणखी तपासण्या सांगतील. तुलाही खाज असेल, पांढरं जात असेल, तर तुझंही औषध व्हायला हवं. बरं होईपर्यंत संबंध नकोत.

साखर आटोक्यात आली आणि योग्य मलम लागलं की पुष्कळदा भागतं. नाहीच भागलं, तर कातडी काढायचं छोटं ऑपरेशन. त्यालाच सुंता म्हणतात हे कळल्यावर भावोजी दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुणाला सांगणार नाहीस ना?" (हे वाचल्याचं त्यांना कळू देऊ नकोस.) पण एखादी जखम किंवा गाठ दोन-तीन आठवड्यांत गेलीच नाही, तर तुकडा तपासायला टाळाटाळ नको. जावईबापूंचा खर्रा मी विसरलेले नाही. पुढच्या घट्ट कातडीला तंबाखूची जोड मिळाली की तिथल्या कॅन्सरचा धोका वाढतो.

तू चंद्रपुरात आहेस म्हणून आणखी एक. तिकडे सिकलसेल घरोघर ऐकू येतो. तो आजार असलेल्या मुलांना कधीकधी मनात काही नसताना ताठरता येते, दुखते आणि उतरतच नाही. वाकड्या पेशी रक्ताची परतीची वाट अडवतात. चार तास उलटायच्या आत इस्पितळात पोचलं पाहिजे. पोरं आईला सांगत नाहीत, पांघरूण घेऊन पडून राहतात. शेजारपाजारच्या आयांच्या कानावर घाल. आणि संबंधाच्या वेळी 'कट्' आवाज होऊन अवयव लगेच ढिला पडला, वांग्यासारखा जांभळा सुजला, तर आतलं आवरण फाटलेलं असतं. तिथे हाड नसतं, तरी त्याला फ्रॅक्चरच म्हणतात. शेकत बसायचं नाही, त्याच दिवशी सर्जन.

उद्या सकाळी जावईबापूंना चहा देऊ नकोस. रात्रीच्या जेवणानंतर आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको. लॅबमधून आकडा आला की मला फोन कर, आणि तेवढं स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून बोल.