यंत्र पुढच्या वयाला झेपेल असं घे

राजापूर, 4 ऑगस्ट

चि. सुहास यास,


निवृत्त झालास की बाग स्वतः बघणार, हे वाचून बरं वाटलं. ग्रास कटर कुठला घेऊ, असं विचारलं आहेस. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. आज तू साठीचा आहेस, यंत्र मात्र सत्तरीत झेपेल असं घे.

पाठीवरचा कटर उताराला बरा, असं तुला सगळे सांगतील. तरण्या गड्याला तो बराच आहे. पण तो चालू करून मग पाठीवर घ्यायचा, आणि गडग्यावरून पाय घसरला तर लगेच अंगावेगळा होत नाही. आपल्या वयाला कडेला अडकवायचा बरा. मात्र पट्टा दोन्ही खांद्यांवर येणारा हवा आणि एका झटक्यात सुटायला हवा. वजन सात-आठ किलोच्या वर नको. दुकानदार अश्वशक्ती सांगेल, तू काट्यावर ठेवून बघ.

खरी परीक्षा पेट्रोलचा कटर चालू करायला दोर ओढताना होते. थंड इंजिन पाच-सहा वेळा ओढावं लागलं की दुखरा खांदा बोलायला लागतो. म्हणून घराभोवतीच्या खळ्याला आणि वाटेला बॅटरीवरचा घे. बटण दाबलं की सुरू. सगळी बाग मात्र त्याच्याने होणार नाही, जादा बॅटऱ्यांचा खर्च परवडत नाही आणि पावसात आपल्याकडची वीज तुला ठाऊकच आहे.

टू-स्ट्रोक पेट्रोलचा घेतलास तर पेट्रोलमध्ये तेल त्याच्या पुस्तकातलं प्रमाण बघूनच घाल. लिटरला 40 मिली की 20, हे यंत्र आणि तेल बघून ठरतं. हंगाम संपला की टाकी रिकामी कर, नाहीतर जुनं मिश्रण कार्बोरेटरमध्ये चिकटून बसतं.

आपल्या जमिनीत जांभ्याचे दगड गवताखाली दडलेले असतात. लोखंडी पातं त्यावर आपटलं की यंत्र उजवीकडे उसळतं, मनगट सावरेपर्यंत पाय तिथे असतो. गडग्याजवळ नायलॉनची दोरीच लाव. तीही कलमाच्या बुंध्याला लागू देऊ नकोस, कोवळ्या कलमाची साल सोलून निघते. बुंध्याभोवतीचं वीतभर गवत विळ्यानेच काढ, तेही स्टुलावर बसून. चष्मा आणि गमबूट घातल्याशिवाय हात लावायचा नाही. उडालेला खडा डोळा घालवतो आणि फुरसं गवतात दिसत नाही. यंत्र चालू असताना पंधरा मीटरच्या आत कोणी नको, नातवंडं तर मुळीच नकोत.

आणि सगळं गवत तूच कापायचं, हा हट्ट सोड. पाऊस सरला की, गवत वाळून वणव्याची भीती सुरू व्हायच्या आत, बागेच्या हद्दीचा पट्टा आणि कलमांची आळी साफ झाली पाहिजेत. कापलेलं गवत आळ्यात पसर, ओल टिकते. मधल्या उताराचं गवत रोजावर गडी लावून काढ. त्या मजुरीत कंजूषपणा करणारे आणि नंतर कंबरेच्या डॉक्टरला पैसे मोजणारे मी गावात बरेच बघतो.

महाडीबीटीवर यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी अर्ज करून बघ, पण अनुदान मिळतं म्हणून थोरलं यंत्र घेऊ नकोस.

गणपतीला येशील तेव्हा आपण दुकानात जाऊ. टाकी भरून यंत्र अंगावर घे आणि दोर तू स्वतः ओढ. दुकानदाराला ओढू देऊ नकोस.

तुझा,
अण्णामामा